काँक्रीटचा हंगाम

ऑक्टोबर सरत आला की उलानबातरमध्ये
मिक्सर धुऊन उपडे घालतात.
आता मेपर्यंत ओतायचं काही नाही,
जमीन माणूसभर खोल दगड होऊन बसते.

त्याच आठवड्यात ती आली.
प्लास्टिकच्या फाइलमध्ये पदवी,
नाव अरिउन्झाया,
माझ्याच कॉलेजची, अकरा वर्षं मागून.
"ताई, पुढं काय करू?"

मी मीठ घातलेला चहा ओतला.
भूमी कार्यालयाच्या या तिसऱ्या मजल्यावर
हीटरचा पाइप माझ्याच टेबलाखालून जातो,
सरकारी नोकरीतला तेवढा एक भत्ता.

काय सांगू? आम्ही वर्गात तेवीस जण.
गान्झोरिग गोबीत, खाणीच्या रस्त्यावर.
तीन आठवडे वाळू, दहा दिवस घर,
पगार माझ्या तिप्पट.
म्हणतो, रस्ता सरळ आहे गं, ओळंब्यासारखा सरळ,
वळण घ्यायला कुणाचं घरच आड येत नाही.
हे सांगताना त्याचा आवाज का पडतो
ते त्याला विचारायचं राहून गेलंय.

त्सेरेनदुलम प्रयोगशाळेत.
अठ्ठावीस दिवसांचे ठोकळे यंत्रात दाबून फोडते,
फुटले की आकडा लिहिते.
एकदा आकडा कमी आला, तिनं कमीच लिहिला.
आधी पाकीट आलं, मग दम आला.
आकडा अजून तिथंच आहे,
ती दुसऱ्या प्रयोगशाळेत.

दुल्गून सोलमध्ये लोखंड बांधतो,
पदवी आईच्या पेटीत, रेशमी कापडात.
आणि बातचिमेग फ्लॅट विकते.
तिच्या जाहिरातीत जी झाडं डोलतात
ती मी मंजूर केलेल्या नकाशात नाहीत.
आम्ही भेटलो की दोघीही
झाडांचा विषय काढत नाही.

"आणि तुम्ही?"

मी?
टेकडीवरच्या गेर वस्तीतून
मी बारा मीटर रुंदीची एक रेघ ओढली होती.
शाळेच्या व्यायामशाळेत सुनावणी, माणसं अंगातले कोट न काढता बसलेली.
पुरेव नावाचा निवृत्त ट्रकचालक उठला.
"पोरी, तुझी रेघ माझ्या चुलीवरून जाते.
जाऊ दे. चूल उचलता येते.
पण पाणी कुठून जाणार?"
हसले सगळे. उन्हाळ्यातले चार पाऊस सोडले
तर त्या टेकडीवर पाणी विकत आणतात, कॅनमधून, ढकलगाडीवर.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला कुंपणामागं नेलं.
कोरडी घळ. त्यात जुने टायर,
एकावर एक, मातीनं भरलेले,
सतरा वर्षं एकट्यानं रचलेले.
कुठल्याच नकाशात नव्हते ते.
ऑफिसात पाणी कुठं मुरतं
हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं;
टेकडीवर कुठं मुरतं
ते त्या म्हाताऱ्यानं काठीनं दाखवलं.

मी रेघ खोडली.
रस्ता दोन वर्षं लांबला, चाळीस मीटर वळला,
माझ्या गोपनीय अहवालात एक ओळ आली:
विलंबास जबाबदार.
बढती दुसऱ्याला. तो चांगला माणूस आहे,
फक्त टेकडी चढत नाही.

अरिउन्झाया गप्प.
चहावर साय धरली.
मला वाटलं, आता ही गोबीचा पत्ता मागेल,
आणि मी तो देणार होते, खरंच,
गान्झोरिगचा नंबर शोधायलाही लागले होते.

"ते टायर," ती म्हणाली, "कुणी मोजलेत का?"

अकरा वर्षांत
हे कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.

खिडकीबाहेर चुलींचा धूर उतरू लागलेला,
टेकडी अर्धी पुसलेली.
मी ड्रॉवरमधून पन्नास मीटरचा टेप काढला.
थंडीत तो चार बोटं आखडतो, ते धरून चालायचं.
नोकरीचं मी काहीच बोलले नाही,
माझ्या हातात ती नाहीही.

एवढंच विचारलं,
हातमोजे आणलेस का?